तेहतीसवर लावलेली मिस भिंगरी

४ फेब्रुवारी

शनिवार दुपारच्या 'आधी ती गायली' या कार्यक्रमाच्या निवेदिकाबाईंस,

नमस्कार. साष्टांग नाही, कारण माझे गुडघे आणि माझा राग, दोघेही सध्या वाकायला तयार नाहीत.

तुमचा कार्यक्रम मी नेमाने ऐकते. लोकप्रिय संगीतात ज्या बायकांनी पहिल्यांदा काही धाडस केलं, त्यांना शोधून काढून तुम्ही त्यांचं कौतुक करता, हे मला फार आवडतं. परवाच्या शनिवारी वाटाणे सोलत बसले होते, तर तुम्ही 'मिस भिंगरी' नावाच्या गायिकेविषयी बोलायला लागलात. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

तुम्ही म्हणालात की ही विलक्षण गायिका आज काळाच्या पडद्याआड गेली आहे. म्हणालात की स्त्रीचं दुःख इतक्या खोल, खर्जातल्या आवाजात मांडणारी ती पहिलीच. तिच्यामागे ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या 'अज्ञात भगिनी'च्या श्वासात तुम्हाला शतकानुशतकं दाबला गेलेला हुंदका ऐकू आला. मग तुम्ही रेकॉर्ड लावलीत. आमच्या सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सूनबाई बँकेत थकलेल्या कर्जाच्या वसुलीवर आहेत, त्यांच्या डोळ्यांत पाणी आणणं खायचं काम नाही.

बाई, मिस भिंगरी मीच. मी कुठल्याही पडद्याआड गेलेले नाही. फार तर कपडे वाळत घालायला बाल्कनीत जाते.

तुम्ही रेकॉर्ड चुकीच्या वेगाने लावलीत. ती मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची आहे, तुम्ही तेहतीसवर फिरवलीत. म्हणून माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. ते दुःखाचं गाणं नाही हो! एक मुलगी उतारावरून सायकलने सुटली आहे, ब्रेक गेलेला आहे, आणि ती ओरडते आहे,

'सरका सरका, बाजूला सरका,
ब्रेक गेला हो, आली मी बरं का!'

यात हुंदका कुठे आहे ते मला कळवावं. आणि येत्या शनिवारी गाणं योग्य वेगाने लावावं.

आपली (हयात),
मिस भिंगरी

ता.क. तो ट्रॉम्बोन नव्हता, ट्रम्पेट होता. आणि ती अज्ञात भगिनी म्हणजे माझे यजमान. त्यांनी शनिवारपासून अबोला धरला आहे.

*

९ फेब्रुवारी

आदरणीय श्रोत्या भगिनींस,

सप्रेम वंदन. आपलं पत्र पोचलं. कार्यक्रमावर आपण इतकं मनापासून प्रेम करता याचा आनंद वाटला.

मिस भिंगरींच्या गाण्याला मिळालेला प्रतिसाद अभूतपूर्व आहे. रोज पत्रं येताहेत. आपणच मिस भिंगरी आहोत असं कळवणारं आपलं हे पहिलंच पत्र नाही. त्यांतलं एक तर एका निवृत्त गृहस्थांचं आहे. तेव्हा गैरसमज नसावा.

वेगाविषयी नम्रपणे सांगते की मी गेली दहा वर्षं याच विषयाचा अभ्यास करते आहे. 'भिंगरी' या नावातच सारं आलं. जन्मभर एकाच जागी गरगर फिरत राहणारी स्त्री! 'बाजूला सरका' हे ती मृत्यूला उद्देशून म्हणते, आणि 'ब्रेक गेला' म्हणजे संयम सुटला, असं मी माझ्या येऊ घातलेल्या पुस्तकातही सविस्तर मांडलं आहे. त्यावर एक पूर्ण प्रकरण आहे.

ही रेकॉर्ड मला माझ्या दिवंगत आजीच्या कपाटात मिळाली. तिचं लेबल अर्धं नाहीसं झालेलं आहे, 'मिस भिंगरी' एवढीच अक्षरं उरली आहेत. वेगाचा आकडा कुठेही नाही. आपल्याकडे काही पुरावा असल्यास जरूर पाठवावा.

आपली नम्र,
निवेदिका, 'आधी ती गायली'

*

१४ फेब्रुवारी

चि. निवेदिकेस,

अनेक आशीर्वाद, आणि कान पुढे कर.

'तुम्ही' संपलं आता. 'आजीच्या कपाटात' असं लिहिलंस आणि तिथेच सापडलीस. आमच्या रेकॉर्डच्या जेमतेम मूठभर प्रती निघाल्या. त्यांतली अर्ध्या लेबलाची एकच. ती मी माझ्या मामेबहिणीला स्वतःच्या हाताने नेऊन दिली होती. तिची पोरगी तेव्हा रांगत होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा करेपर्यंत त्या पोरीने लेबल चघळून अर्धं खाल्लं. ती पोरगी म्हणजे तुझी आई. पुरावा मागतेस ना? तो तिच्या पोटात आहे.

माझी स्वतःची प्रत ह्यांनी घर बदलताना सुरक्षित राहावी म्हणून खुर्चीच्या उशीखाली ठेवली आणि मग ते सुरक्षितपणे तिच्यावर बसले. आमच्या वाद्यवृंदातल्या बाकीच्या मुलींच्या प्रती कुठे गेल्या देव जाणे. म्हणजे आता जगात तुझीच तेवढी.

आता ऐक. आमचा वाद्यवृंद सगळा मुलींचा होता. ड्रम, गिटार, अकॉर्डियन, ट्रम्पेट आणि गळा माझा. तेव्हा गाण्यातली बाई एक तर खिडकीत उभी असायची नाही तर दारात, आणि कुणाची तरी वाट बघायची. आम्ही ठरवलं की आमच्या गाण्यातली बाई कुणाची वाट बघणार नाही, लोकांनी तिला वाट द्यायची. गाणं इतकं वेगात बसवलं की अकॉर्डियनवालीचा अंगठा सुजला. रेकॉर्डिंगच्या सकाळी ट्रम्पेटवाली गोवराने आडवी झाली, म्हणून शेजारच्या टपाल कचेरीतला एक कारकून धरून आणला. त्याला सर्दी झाली होती. तुझा तो शतकानुशतकं दाबला गेलेला हुंदका म्हणजे ह्यांचं चोंदलेलं नाक आहे. पुढे मी त्या नाकाशी लग्न केलं.

एवढं सगळं करून आम्ही रेकॉर्ड रेडिओच्या निवड समितीकडे घेऊन गेलो. त्या काळी रेडिओवर लागलं तर ते गाणं, नाही तर घरगुती आवाज. समितीने नाही म्हटलं. वाद्यवृंद तिथेच बसला. एकीचं लग्न झालं, एक परदेशी गेली, मी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायला लागले.

पन्नासहून जास्त वर्षं झाली त्याला. या वर्षांत मला कुणी भेटलं की मी सांगते, आमचं एक गाणं होतं, चांगलं होतं. लोक 'हो का' म्हणतात आणि चहाचा कप उचलतात. मला पुस्तकात प्रकरण नको, आदरांजली तर मुळीच नको. ते गाणं रेडिओवर एकदा, एकदाच, आमच्या वेगाने लागावं. माझं वय बघता, फार लांबणीवर टाकू नकोस.

तुझी,
भिंगरीआजी

*

२० फेब्रुवारी

ती. भिंगरीआजींस,

शिरसाष्टांग नमस्कार. (माझे गुडघे अजून चांगले आहेत.)

काल दुपारी खोलीचं दार लावून रेकॉर्ड पंचेचाळीसवर लावली. पहिल्या ओळीला मी खुर्चीतून उठले. दुसऱ्या ओळीला मोठ्याने हसले. तिसऱ्या ओळीला मला माझं पुस्तक आठवलं आणि मी परत बसले.

आजी, हे कसं झालं तेही सांगते. रेकॉर्ड प्लेअरवर वेगाचं एक बटण असतं. त्या दिवशी मी आधी एक मोठी रेकॉर्ड ऐकत होते, ती तेहतीसची. ती काढली, तुमची लावली, बटणाला हातच लावला नाही. आणि तो आवाज ऐकला तेव्हा मी इतकी भारावून गेले की पुढे काही तपासावंसं वाटलंच नाही. इतकी वर्षं मला जशी बाई सापडावीशी वाटत होती, अगदी तशीच सापडली होती.

आईला लेबलाचं विचारलं. ती म्हणाली, लहानपणी मी पुष्कळ काय काय खाल्लंय, सगळं कुठलं लक्षात असायला!

पण आता माझी अडचण समजून घ्या. पुस्तक छापखान्यात गेलं आहे. तुमच्या प्रकरणाचं नाव 'खर्जाची आदिमाता' आहे, आणि ते मुखपृष्ठावरही आहे. एप्रिलमध्ये कार्यक्रमाचा वर्धापनदिन आहे. शिवाय एका गादीवाल्या कंपनीने कार्यक्रम प्रायोजित केला आहे, कारण तुमचं गाणं ऐकून लोकांना गाढ झोप लागते असं त्यांचं म्हणणं आहे. आमचे साहेब स्टेशनात गुणगुणत फिरताहेत, तेही तेहतीसच्या वेगाने. आता मी उठून 'बटण चुकलं' म्हणाले, तर मला पुन्हा कुणी गंभीरपणे घेईल का?

एवढा वर्धापनदिन पार पडू द्या. तोवर मी खरं गाणं कॅसेटवर उतरवून तुम्हाला पाठवते. घरी मनसोक्त ऐका.

तुमची नात (आता म्हणायला हरकत नाही ना?),
निवेदिका

*

१ मार्च

चि. निवेदिकेस,

आशीर्वाद.

कॅसेट पाठवू नकोस. आली तर मी ती उघडणार नाही. घरात ऐकायला मला रेडिओ स्टेशन कशाला हवं, घरात मी भांडी घासतानाही गाते.

बाकी इकडे बरं चाललं आहे. खरं म्हणजे बरंच बरं चाललं आहे. मिस भिंगरी मीच, ही बातमी सूनबाईंनी इमारतभर केली. तेव्हापासून लोक माझ्यासाठी लिफ्ट धरून ठेवतात. तिसऱ्या मजल्यावरची बाई, जिचं आणि माझं कचऱ्याच्या डब्यावरून वाजलं होतं, ती परवा माझा हात हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. डॉक्टरांनी मला रांगेतून आधी आत घेतलं.

सूनबाई सकाळचा चहा हातात आणून देतात. परवा जवळ बसून म्हणाल्या, "आई, तुम्ही फार सोसलंत का हो?" मी आधी सरळ 'नाही' सांगत होते. मग चहाबरोबर क्रीमची बिस्किटं यायला लागली, तेव्हापासून 'आता काय सांगू' असं म्हणते. थोडं खालच्या पट्टीत बोलायचा सरावही चालू आहे. ह्यांना वाटलं माझा घसा धरलाय.

ह्यांचं मात्र तोंड उतरलेलं आहे. त्यांना कुणी विचारत नाही. भगिनी म्हणवून घ्यायला ते आता तयार आहेत, पण ट्रॉम्बोन मान्य करायला नाहीत.

येत्या रविवारी इमारतीच्या हॉलमध्ये माझा सत्कार आहे. तुझ्या वर्धापनदिनाचं तुझं तू बघ. इतकी वर्षं गेली, आता मला काय घाई!

तुझी,
भिंगरीआजी

*

६ मार्च

प्रिय भिंगरीआजी,

तुमचं पत्र वाचून मला रडूच आलं. किती मोठं मन! 'मला काय घाई' हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे. एका कलावंताने आपल्याच कलाकृतीचं नवं रूप इतक्या समजूतदारपणे स्वीकारावं, हे फक्त स्त्रीच करू जाणे.

तर आता वर्धापनदिनाची तयारी जोरात आहे. चाळीस बायकांचा समूह 'सरका सरका' गाणार आहे, संथ, अगदी कुजबुजत. गादीवाले प्रत्येक प्रेक्षकाला एक छोटी उशी देणार आहेत. तुम्हाला मंचावर मधोमध बसवायचं आहे. साहेबांनी विचारलं आहे की तुम्ही चाकांची खुर्ची वापरता का? वापरत नसलात तरी आम्ही एक आणून ठेवू, ते म्हणाले की चांगलं दिसेल.

पुस्तकातही आता काही बदलायला नको. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!

सत्कार कसा झाला ते कळवा.

तुमची लाडकी नात

*

१६ मार्च

निवेदिकाबाईंस,

आज 'चि.' लिहिणार नाही आणि आशीर्वादही घरीच ठेवते आहे.

सत्कार कसा झाला ते कळवा म्हणतेस. कळवते.

हॉल भरला होता. माझ्या अंगावर शाल घातली, भाषणं झाली. इमारतीचे सेक्रेटरी माझ्या दुःखावर इतकं बोलले की मलाच माझी दया आली. मग सगळ्यांनी गाण्याचा आग्रह धरला. मी उभी राहिले. ठरवलं होतं की त्यांना हवं तसं गायचं, संथ. पहिली ओळ गायले. 'स...र...का...' माझाच आवाज मला परका वाटला, कुणाची तरी कवळी तोंडात बसवल्यासारखा. दुसऱ्या ओळीला माझा पाय आपोआप ठेका धरायला लागला. तिसऱ्या ओळीला मी सुटले. आजी-बिजी, शाल-बिल सगळं विसरून पंचेचाळीसवर गेले बघ! कोपऱ्यात हे उठून उभे राहिले आणि तोंडानेच ट्रम्पेट वाजवायला लागले.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. हसलंही नाही. सेक्रेटरी धावत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमधून म्हणाले, "वय झालंय, धाप लागते, घाई होते. आजी, सावकाश. संथ म्हणा, संथ."

मी खाली बसले.

आता एक गोष्ट सांगते, ती मी तुला आधी सांगितली नव्हती. त्या निवड समितीत तिघं जण होते. त्यांनी आमचं गाणं नापास केलं नव्हतं. मधले गृहस्थ म्हणाले होते, "गाणं चांगलं आहे. पण बाईच्या तोंडी इतकी घाई शोभत नाही. संथ करून आणा, लगेच लावतो." जिना उतरताना आमची ड्रमवाली म्हणाली, करू या की संथ, काय बिघडतंय? मी म्हणाले, ब्रेक गेलेली सायकल संथ कशी जाईल? आम्ही पुन्हा गेलोच नाही. त्या एका वाक्यापायी वाद्यवृंद बुडाला आणि तो मी बुडवला.

आणि शेवटी संथ करून कुणी आणलं? तू. पहिल्या धाडसी बायकांचं कौतुक करणारी तू! त्या तिघा पुरुषांना जे जमलं नाही ते तू एका बटणावर करून दाखवलंस. आणि चूक कळल्यावरही तसंच ठेवलंस, कारण बाई रडताना मुखपृष्ठावर चांगली दिसते.

मीही बिस्किटांना भुलले, ते नाकारत नाही. दोन आठवडे मजा केली. पण 'मला काय घाई' हे मी क्रीमचं बिस्किट तोंडात असताना लिहिलं होतं, ते वहीतून खोडून टाक. मला घाई आहे. मला पहिल्यापासून घाईच होती.

चाकांची खुर्ची साहेबांना बसायला दे.

मिस भिंगरी

*

२० मार्च

ती. भिंगरीआजी,

तुमचं पत्र हातात घेऊनच साहेबांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "लोक रडताहेत ना? रडू देत. आपल्याकडे दोष तांत्रिक असतो, मान्य करायचा नसतो." मग त्यांनी मला एक छोटी उशी दिली.

तिथून निघाले आणि प्रकाशकांना फोन करून छपाई थांबवली. ते फोनवर जे बोलले ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. 'खर्जाची आदिमाता' गेली. मुखपृष्ठही गेलं. मला फार वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

आजी, मी दहा वर्षं दुसऱ्या बायकांच्या धाडसावर बोलते आहे. मी स्वतः केलेलं सर्वांत मोठं धाडस म्हणजे सलग दोन दिवसांच्या रजेचा अर्ज. तुमचं खरं गाणं ऐकलं तेव्हा मी हसले होते, ते मला आठवतं आहे. मी माझ्या खोलीत एकटी, दार लावून हसले आणि मग ते हसू कपाटात ठेवून दिलं. तुमच्याबाबतीत समितीनेसुद्धा असं केलं नव्हतं. त्यांनी निदान तोंडावर सांगितलं.

शनिवारचा माझा कार्यक्रम थेट असतो. साहेब शनिवारी जेवायला घरी जातात आणि त्यांना जेवणानंतर डोळा लागतो. (तुमच्या गाण्याशिवायही.) पुढे जे व्हायचं ते होवो. दुपारी रेडिओ चालू ठेवा.

तुमची,
निवेदिका

*

२८ मार्च

चि. नातीस,

अनेक, अनेक आशीर्वाद.

शनिवारी सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. ह्यांनी कोट घातला. मी म्हटलं, रेडिओ ऐकायला कोट कशाला, तर म्हणाले, "माझंही वाजवणं आहे त्यात." सूनबाईंनी रेडिओ फ्रिजवरून काढून टेबलावर मधोमध ठेवला आणि आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत बसलो.

तू 'मी चुकले' म्हणालीस. आडपडदा नाही, 'काही कारणांमुळे' नाही. बटणाचं सांगितलंस, समितीचं सांगितलंस, 'त्या तिघांचं काम मी केलं' असंही सांगितलंस. ट्रम्पेटचं सांगितलंस तेव्हा ह्यांनी कोटाचं बटण लावलं. मग तू म्हणालीस, "या मिस भिंगरी. हयात आहेत." आणि लावलंस.

सायकलची घंटी वाजली आणि मी टेबलाची कड धरली.

दोन मिनिटांत संपलं बाई! माझं इतक्या वर्षांचं भांडण, ते जेमतेम दोन मिनिटांचं होतं. सूनबाई पहिल्या ओळीपासून हसत होत्या, पोट धरून. वसुलीवाल्या बाईला असं हसता येतं हे मला माहीतच नव्हतं. हसणं थांबल्यावर त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सोसलं-बिसलं काही नाही तुम्ही?" मी म्हटलं, तुमच्या सासऱ्यांची सर्दी सोसली. रविवारपासून चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा असं ठरलं आहे.

तुझ्या आईचा फोन आला होता. साहेबांनी तुझ्याकडून लेखी खुलासा मागितला आहे, गादीवाले उशा परत घेऊन गेले आहेत, आणि निम्मे श्रोते 'आमचं रडकं गाणं परत द्या' म्हणून भांडताहेत, हे सगळं कळलं. कार्यक्रम मात्र तुझाच राहिला, कारण शनिवारी दुपारी दुसरं कुणी यायला तयार नाही, हेही कळलं. खुलाशात काय लिहायचं ते सुचलं नाही तर मला विचार. मला पत्रं लिहायचा सराव झालाय.

आता तुला कॅसेटचं सांगते. ती मी नको म्हटलं ते रुसून नाही. मी घाबरले होते. इतकी वर्षं मी येईल-जाईल त्याला सांगत आले की गाणं चांगलं होतं. पण सांगता सांगता ते माझ्याच कानांतून निघून गेलं होतं गं. शब्द आठवायचे, वेग आठवायचा, पण चांगलं होतं की नव्हतं ते काही केल्या ऐकू यायचं नाही. समजा वाईट निघालं असतं तर? मग ते तिघं बरोबर, आणि मी एका टाकाऊ गाण्यासाठी पाच मुलींचा वाद्यवृंद मोडलेली हट्टी बाई. घरात एकटीने बसून ते कळून घ्यायची माझी छाती नव्हती. म्हणून म्हटलं, रेडिओवर लाव. चारचौघांत कळलं तर निदान पळून तरी जाता येणार नाही.

तर ऐकलं. दुसऱ्या कडव्यात मी सुराच्या किंचित वर गेले आहे. ते तेव्हाही कळलं होतं, पण स्टुडिओची वेळ संपली होती. तेवढं सोडलं तर चांगलं आहे. चांगलंच आहे. ती पोरगी कुणाचं म्हणून ऐकत नाही. मला क्षणभर तिचा हेवा वाटला, मग लक्षात आलं की ती मीच. तेव्हा मात्र मी रडले. हे माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि सूनबाई रुमाल शोधत म्हणाल्या, "आता गाणं आनंदाचं निघालं तर तुम्ही रडायला लागलात, आम्ही करायचं तरी काय!"

रेकॉर्ड तुझ्याकडेच राहू दे. वर्धापनदिनाला बोलावलंस तर माझ्या पायांनी येईन. पण माझं गाणं पुन्हा पुन्हा लावत बसू नकोस. मला हवं होतं ते कळलं, माझं काम झालं.

पुढच्या शनिवारी दुसऱ्या कुणाचं तरी लाव. तीही कुठेतरी रेडिओजवळ बसली असेल, आणि आपण चांगलं गात होतो की नाही, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नसेल.

तुझी,
भिंगरीआजी